‘शाह बाईंना अमेरिकेने अडकवलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोथरूडकडच्या सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. मला तो मावशीकडून आला. मावशी डहाणूकर कॉलनीत एकटी राहते. शाळेतून निवृत्त झाली, पेन्शन आणि थोड्या एफडी एवढ्यावर तिचं चालतं. मध्यंतरी ‘घरबसल्या ऑनलाइन व्यवसाय’ शिकवणाऱ्या एका कोर्सची फी तिने भरली. पुढे काहीच होईना, म्हणून तिने पैसे परत मागितले, तर कोर्सवाल्याने पैशांऐवजी हा मेसेज पाठवला. सोबत एक ओळ होती: ‘मॅडम, कोचिंग करणाऱ्यांना जगभर असाच त्रास देतात.’ मावशीला ते पटलं आणि तिने तो पुढे चार जणांना पाठवला. त्यामुळे आता हे लिहिणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जेन शाह ही भारतीय वंशाची, कष्टाने वर आलेली उद्योजिका. टीव्हीवरच्या रिअॅलिटी शोमुळे ती प्रसिद्ध झाली. ती लोकांना व्यवसायाचं मार्गदर्शन करायची आणि लोक राजीखुशीने फी भरायचे. काहींचा धंदा चालला नाही म्हणून त्यांनी तक्रारी केल्या. सरकारने दबाव आणून तिच्याकडून गुन्हा कबूल करून घेतला, आणि ती प्रसिद्ध होती म्हणून तिला जबर शिक्षा दिली. शेवटी ‘आपल्या माणसासाठी पुढे पाठवा’ आहेच.

‘आपलं माणूस’ इथूनच सुरुवात करू, कारण मेसेज पसरला तो याच दोन शब्दांवर. जेन शाह भारतीय वंशाची नाही. तिचं मूळ टोंगा आणि हवाई या पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचं. शाह हे आडनाव तिच्या नवऱ्याचं. तो शरीफ शाह, आफ्रिकन-अमेरिकन गृहस्थ, युटा विद्यापीठाच्या फुटबॉल संघात सहायक प्रशिक्षक म्हणून काम केलेला. गुजरातशी, महाराष्ट्राशी, भारताशी या घराचा काडीचा संबंध नाही. फोनवर दोन मिनिटं शोधलं असतं तरी हे कळलं असतं. आणि समजा, ती खरंच आपल्याकडची असती, तर काय बदललं असतं? ज्या म्हाताऱ्या माणसांचे पैसे गेले त्यांना आडनावाने काय फरक पडतो?

आता ‘मार्गदर्शन’. मला खरा राग आहे तो या शब्दाचा.

अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२१ मध्ये अटकेच्या वेळी आणि जानेवारी २०२३ मध्ये शिक्षेच्या वेळी जाहीर निवेदनं काढली. धंदा कसा चालायचा हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. घरबसल्या कमाईच्या जाहिरातींना जे लोक प्रतिसाद देत, त्यांची नावं आणि नंबर गोळा होत. या धंद्यात त्याला ‘लीड’ म्हणतात. पुण्यात सेल्समध्ये काम केलेल्या कुणालाही हा शब्द माहीत आहे. ही यादी जेन शाह आणि तिचे साथीदार फोन करणाऱ्या टोळ्यांना विकत. पहिली टोळी एक पॅकेज गळ्यात मारी. माणसाने एकदा पैसे भरले की त्याचं नाव जास्त किमतीचं होई, कारण हा पैसे देणारा आहे हे सिद्ध झालेलं असे. मग तेच नाव पुढच्या टोळीकडे जाई आणि ती सांगे, तुमच्या व्यवसायाला आता वेबसाइट लागेल. त्यापुढची सांगे, टॅक्सची कागदपत्रं करून घ्या. मग ‘कोचिंग सेशन’. आणि हे सगळं कुणाला? निवेदनातच म्हटलं आहे की यातले बरेच जण वयस्कर होते आणि त्यांच्याकडे कॉम्प्युटरसुद्धा नव्हता. घरात कॉम्प्युटर नसलेल्या माणसाला वेबसाइट विकायची, याला मेसेज लिहिणारा मार्गदर्शन म्हणतो!

त्याच निवेदनातली आणखी एक गोष्ट या मेसेजची हवाच काढून घेते. गुंतवलेल्या पैशांवर लोकांना कमाई व्हावी असा या टोळीचा हेतू कधीच नव्हता, आणि तशी कमाई झालीही नाही. म्हणजे ‘काहींचा धंदा चालला नाही’ हे साफ खोटं आहे. चालेल असा धंदा मुळात कुणाला दिलाच नव्हता. २०१२ पासून मार्च २०२१ पर्यंत, नऊ वर्षं हे चाललं आणि हजारो लोक त्यात नागवले गेले. बँकेतलं खातं रिकामं होईपर्यंत, क्रेडिट कार्डाची मर्यादा संपेपर्यंत त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा लुटलं, असं सरकारी वकिलांनी म्हटलं आहे.

‘राजीखुशीने दिले, मग फसवणूक कसली?’ हे वाक्य मावशीनेही मला ऐकवलं. खरं तर ती स्वतःलाच दोष देत होती. मीच भरले ना पैसे, कुणी हात धरून घेतले का? फसवणारा नेमका याच शरमेवर जगतो. पण फसवणुकीत पैसे नेहमी माणूस स्वतःच्याच हाताने देतो, हिसकावून घेतले तर त्याला चोरी म्हणतात. त्या हाताला कुठलं खोटं सांगून पुढे करायला लावलं, एवढाच प्रश्न असतो. आपल्याकडचा कायदाही फसवणुकीचा विचार असाच करतो. तेव्हा मावशी, तू राजीखुशीने दिलेस म्हणून त्याला ते पचवायचा हक्क मिळत नाही.

हेही मान्य करतो की कोचिंग विकणं हा गुन्हा नाही. पुण्यात तर अर्ध्या गल्ल्यांमध्ये कसला ना कसला क्लास आहे, आणि चांगलं शिकवणाऱ्याने फी का घेऊ नये? पण चांगलं शिकवणारा कंपनी दुसऱ्याच्या नावावर काढत नाही. जेन शाहने ती काढली, इतरांनाही तसंच करायला सांगितलं, साथीदारांना शपथेवर खोटं बोलायला लावलं, गुप्त राहणाऱ्या अॅपवरून निरोप धाडले आणि काही कारभार देशाबाहेर हलवला. शिक्षक असं वागतो का?

कबुली दबावाखाली दिली म्हणे. यात अर्धं सत्य आहे, तेवढं सांगून टाकतो. अमेरिकेतले बहुतेक फौजदारी खटले तडजोडीच्या कबुलीवर संपतात, आणि मोठ्या शिक्षेची भीती त्यामागे असतेच. तिच्यावरचा मनी लाँडरिंगचा आरोपही या तडजोडीत मागे पडला. पण ११ जुलै २०२२ ला मॅनहॅटनच्या न्यायालयात ती जे बोलली ते ऐका. आपण फारशी किंमत नसलेल्या सेवा विकत होतो आणि घेणारे बरेच जण ५५ वर्षांच्या पुढचे आहेत हे आपल्याला ठाऊक होतं, असं तिने न्यायाधीशांसमोर स्वतः सांगितलं. शेजारी तिचा वकील होता. त्याआधी वर्षभर हीच बाई टीव्हीवर मी निर्दोष आहे म्हणत होती.

प्रसिद्धीमुळे शिक्षा वाढली, हा मुद्दा तर उलटा आहे. सरकारी वकिलांनी १० वर्षं मागितली होती. न्यायाधीश सिडनी स्टाइन यांनी ६ जानेवारी २०२३ ला ७८ महिने दिले, म्हणजे साडेसहा वर्षं. तिचा तो रिअॅलिटी शो खोटा असतो, लिहून दिल्यासारखा असतो, हे मात्र खरं. तिनेही न्यायालयात तसंच सांगितलं. पण ‘द रियल हाउसवाइव्ज ऑफ सॉल्ट लेक सिटी’ सुरू झाला नोव्हेंबर २०२० मध्ये. लूट त्याच्या आठ वर्षं आधीपासून चालू होती, तिचं खापर शोवर फुटणार नाही.

‘कष्टाने वर आलेली’बद्दल एवढंच, की न्यायालयाने जप्त करायला सांगितलेल्या मालात ३० महागड्या वस्तू होत्या, आणि ७८ नकली. शिवाय ६५ लाख डॉलर जप्त करायचे आणि लोकांना ६६ लाख ४५ हजार डॉलर भरपाई द्यायची, असा आदेश झाला. तेव्हाच्या दराने ही भरपाई पन्नास कोटी रुपयांच्या वर जाते. तक्रारी खोट्या असत्या तर एवढी भरपाई कशाची?

ज्यांच्या घरी हा मेसेज पोचलाय त्यांनी आई-वडिलांना, मावशी-आत्यांना आजच विचारा: असल्या कोर्सला पैसे भरलेत का, आणि भरल्यानंतर वेगळ्याच नंबरवरून दुसऱ्या कुणाचा फोन आला का? ‘तुमचं पुढचं पॅकेज’, ‘तुमची वेबसाइट’, ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो’ असं कुणी म्हणत असेल, तर नाव विकलं गेलं असण्याची दाट शक्यता आहे. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा, कारण उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. फी परत देत नाहीत अशी तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पावती, स्क्रीनशॉट, बोललेल्या तारखा, सगळं जपून ठेवा. मावशीच्या कागदांची फाइल आम्ही केली आहे आणि तक्रार या आठवड्यात जाते आहे.