म्हणे, रोजच सुट्टी

परवा सांगलीला मावशीकडे जेवायला गेले होते. भात वाढता वाढता ती म्हणाली, "तुझं बरंय बाई. आम्ही रविवारची वाट बघत बसायचं, तुझी आपली रोजच सुट्टी." मी हसले आणि आमटी ओरपली. पण मिरजेला परत येताना बसमध्ये ते काही डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबण.

मी मुंबईत सतार वाजवते. म्हणजे नक्की काय, तर पहाटे उठून अमेरिकेतल्या दोन मुलींची ऑनलाइन शिकवणी (त्यांची तेव्हा संध्याकाळ), दुपारी ठाण्यात क्लास आणि शनिवार-रविवार कुणाच्या तरी लग्नात किंवा हॉटेलच्या लॉबीत 'जरा हळू' वाजवणं. एका कार्यक्रमाचे पैसे चार महिने झाले, अजून 'उद्या करतो मॅडम' चाललंय. गर्दीच्या लोकलमध्ये सतार घेऊन चढता येत नाही, म्हणून दोन तास आधी निघायचं आणि मग कुठल्यातरी स्टेशनवर बाकड्यावर भोपळा सांभाळत बसायचं. मावशीच्या हिशोबात ही बहुतेक सुट्टी.

रियाज? तारांखाली फडकं सारून. शेजारच्यांचं बाळ झोपतं, त्यांचंही काही चुकत नाही. पण तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या आपसूक झंकारणाऱ्या तारा, बोलल्याच नाहीत तर सतारीत राहिलं काय?

"मग मोकळ्या वेळात गाणी ऐकत असशील ना?" अजिबात नाही. मोकळा वेळ मिळाला की मी दादर चौपाटीवर जाऊन गप्प बसते. मैफलीला गेले तरी माझं लक्ष वाजवणाऱ्याच्या डाव्या हातावर आणि मात्रांवर. आवडीचं काम केलं की ते काम वाटतच नाही, असं एक तारखेला पगार होणारे लोक सांगतात. मला ते पटत नाही. आवड पोटाला लागली की पहिली जाते ती करमणूक.

शेवटचं निवांत गाणं ऐकलं ते लहानपणी, मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथंच आहे आणि त्यांच्या आठवणीत उरुसात संगीतसभा होते. आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत ऐकलेलं. राग कुठला, गायक कोण, काही आठवत नाही. तरी ते गाणं अंगात आहे.

तर या वेळी मिरजेला आले होते जवारी काढून घ्यायला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज नीट करून घ्यायला. सतारमेकर गल्लीत काका घोडीवर कानस फिरवतात, तार चढवतात, छेडतात, मान हलवतात आणि परत उतरवतात. विचारलं, "काका, किती वेळ?" तर म्हणाले, "बस की." मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, छान झालं, पण ही कानस धरायला पोरं बसायला पाहिजेत. असो, तो वेगळा विषय.

मग मिरजेतच राहा की, असं कुणीतरी म्हणेलच. अहो, सतार इथं बनते, पण वाजवून खोलीचं भाडं निघतं ते तिकडं.

तीन तास पायरीवर बसले. फोन पिशवीत. शेवटी काकांनी सतार पुढं केली, "घे, वाजवून बघ."

शेजारच्या दुकानात कुणीतरी तंबोरा लावत होतं. पंचम जरा उतरलेला.

म्हटलं, "थांबा काका, त्यांचा लागू दे आधी."

त्याला अर्धा तास लागला. तेवढ्यात आणखी एक चहा झाला.