कोची पाहायचे ते पावसातच

केरळच्या सहलीचे जे कार्यक्रम आपल्याकडे आखले जातात, त्यांत कोचीच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. विमानातून उतरायचे, थेट मुन्नारचा रस्ता धरायचा, परतताना चिनी जाळ्यांसमोर छायाचित्रे काढायची, आणि हे सारे पावसाळा टाळूनच करायचे, असा जणू दंडकच पडून गेला आहे. जुलैतल्या एका शनिवार-रविवारी फोर्ट कोची आणि मट्टनचेरी हे शहराचे जुने भाग भर पावसात पायी फिरून आल्यापासून मला हा दंडक अगदी चुकीचा वाटू लागला आहे. हे शहर पावसाने घडवले आहे आणि ते समजून घ्यायला पावसाळ्याइतका योग्य काळ दुसरा नाही, असे माझे मत आहे.

हे जरा विस्ताराने सांगायला हवे. मलबार किनाऱ्यावरचे प्राचीन, रोमन व्यापाऱ्यांनाही ठाऊक असलेले बंदर म्हणजे मुझिरिस. ते कोचीच्या उत्तरेला, आजच्या कोडुंगल्लूरच्या परिसरात होते. १३४१ साली पेरियार नदीला आलेल्या महापुरामुळे तिथली खाडी गाळाने भरली आणि दक्षिणेला कोचीपाशी समुद्राकडे जाणारी वाट मोकळी झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ज्या मिरीसाठी जगभरचे व्यापारी इथे आले, तिच्या वेलींना बहर येतो तोही मृगाच्या सरींनंतर, आणि दाणे तोडणीला येतात हिवाळ्यात. अरबी गलबते नैऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर येत आणि माल भरून ईशान्येच्या वाऱ्यावर परत जात. ऐन जून-जुलैत मात्र खवळलेल्या समुद्रामुळे हा किनारा जवळजवळ बंद असे, त्यामुळे वाऱ्याचा जोर ओसरता ओसरता इथे पोहोचण्याचा हिशेब खलाशांना ठेवावा लागे. बंदर, माल आणि वाहतूक ही तिन्ही अशी एकाच ऋतूच्या हाती असताना तो ऋतू वगळून शहर पाहण्यात काय अर्थ आहे?

चिनी जाळी मी किनाऱ्यावरच्या एका टपरीच्या आडोशाला बराच वेळ उभी राहून पाहिली. लांब वाशांच्या सांगाड्याला टांगलेले ते भलेमोठे जाळे पाण्यात उतरते आणि दुसऱ्या बाजूला दोरांना बांधलेल्या दगडांच्या वजनाने, चार-पाच माणसांनी दोर ओढल्यावर, पुन्हा वर येते. पावसाळ्यात नद्यांचे गोडे पाणी वाढले की जलपर्णीचे पुंजके वाहत येतात आणि जाळ्यात मासळीआधी तेच अडकतात. मासळी वेगळी काढण्याआधी ही माणसे हाताने ती जलपर्णी उपसत असतात. पर्यटकांसाठी मांडलेला देखावा म्हणून या जाळ्यांकडे पाहणाऱ्यांनी हे श्रम अवश्य पाहावेत.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये बहुतेक लोक वास्को द गामाच्या कबरीपाशी थांबून बाहेर पडतात. तो १५२४ साली कोचीतच वारला, इथेच त्याचे दफन झाले आणि पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. म्हणजे लोक पाहतात ती मोकळी जागा. मला त्याहून मोलाच्या वाटल्या त्या भिंतींत बसवलेल्या पोर्तुगीज आणि डच थडग्यांच्या शिळा. १६६३ मध्ये डचांनी कोची जिंकली आणि १७९५ मध्ये ती इंग्रजांकडे गेली. तेच छप्पर प्रत्येकाने आपापल्या उपासनेसाठी वापरले. बाहेर सर कोसळत असताना मिळालेल्या सक्तीच्या निवांतपणामुळेच मला त्या शिळा नीट पाहता आल्या.

मराठी वाचकांनी मट्टनचेरीतला चेरलाय हा भाग चुकवू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धार्मिक छळामुळे गोव्यातून निघालेली अनेक कोंकणी कुटुंबे कोचीच्या राजाच्या आश्रयाला आली. त्यांचे तिरुमल देवस्थान इथे आहे आणि त्या समाजात आजही कोंकणी बोलली जाते. डच अधिकारी हेन्द्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. १६७८ साली ॲम्स्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात त्यांचे कोंकणी निवेदन नागरी अक्षरांत आहे. आपल्या किनाऱ्यावरून विस्थापित झालेल्या माणसांनी परक्या मुलखात शंभर वर्षांच्या आसपास काळात अशी विद्वत्तेची जागा मिळवली, याचा उल्लेख आपल्या सहल-माहितीपत्रकांत एका ओळीनेही नसावा, याचे मला फार वाईट वाटते. मट्टनचेरीतल्या ज्यू टाउन या ज्यूंच्या जुन्या वस्तीचेही आपल्याशी नाते आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला धर्मशिक्षण देण्यासाठी कोचीनचे ज्यू शिक्षक येत असत.

पावसाचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. फोर्ट कोचीच्या दक्षिणेला चेल्लानम हे मच्छीमारांचे गाव आहे, जिथे पावसाळी लाटा वर्षानुवर्षे घरांत शिरत आल्या आहेत. त्यातच ट्रॉलिंगवरील, म्हणजे यांत्रिक बोटींनी जाळे ओढत केल्या जाणाऱ्या मासेमारीवरील बंदीमुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत मोठ्या यांत्रिक बोटी बंदरात बांधलेल्या असतात. याच दिवसांत छोटी भोजनालये, घरगुती निवास आणि रिक्षाचालक यांच्याकडेही गिऱ्हाईक कमी असते. तेव्हा पावसाळ्यात जाणाऱ्या पर्यटकाचा पैसा खरोखर गरजेच्या वेळी पोहोचतो.

ज्यांना जायचे असेल त्यांनी शनिवारी मट्टनचेरीचा राजवाडा पाहावा, कारण ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ त्या दिवशी शब्बाथमुळे, म्हणजे त्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसामुळे, बंद असते. १५६८ सालचे हे सिनेगॉग आणि त्यातल्या चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या फरश्या रविवारासाठी ठेवाव्यात. राजवाडा शुक्रवारी बंद असतो. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला मोटारीने न जाता हायकोर्टाच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रोच्या प्रवासी बोटीने जावे. शक्य असल्यास दोन रात्री मुक्काम करावा, आणि मुन्नार पुढच्या खेपेला ठेवावे.