जनरलसाहेबांच्या खात्यावर जमा केलेली द्राक्षं

आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर फवारणीचं वेळापत्रक, बाजारभाव आणि अवकाळीचे इशारे यापलीकडे सहसा काही येत नाही. या आठवड्यात मात्र एकच लांबलचक मजकूर तीन जणांनी टाकला. त्याचा गोषवारा असा: “१९७३ पर्यंत समाजवाद्यांनी चिलीला भिकेला लावलं होतं. मग जनरल पिनोशे आले. त्यांनी शिकागोत शिकलेल्या अर्थतज्ज्ञांच्या हाती कारभार दिला, सगळं खासगी केलं, सरकार बाजूला झालं. म्हणून आज चिलीची द्राक्षं जगभर विकली जातात. आपल्यालाही लोकशाहीचे लाड परवडणार नाहीत, पंधरा वर्षं असाच एक माणूस हवा.” खाली हात जोडलेले.

पहिल्यांदा टाकला तो आमच्या तात्यांनी. वडीलमाणूस, बागेतलं मला बरंच त्यांनीच शिकवलंय. म्हणून फोनवर वाद घालण्यापेक्षा लिहितो.

“समाजवाद्यांनी भिकेला लावलं” हे निम्मं खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. साल्वादोर आयेंदे १९७० मध्ये सुमारे ३६ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या सरकारने भाव बांधून ठेवले, पगार वाढवले, तूट नोटा छापून भरली. १९७३ मध्ये महागाई ५०० टक्क्यांच्या पुढे गेली, दुकानांपुढे रांगा लागल्या. पण तिकडे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी चिलीच्या अर्थव्यवस्थेला ‘किंचाळायला लावा’ असा हुकूम सीआयए या आपल्या गुप्तहेर संस्थेला आधीच, १९७० मध्ये, दिला होता, हेही त्याच हिशेबात धरावं लागतं. आणि ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता घेतली म्हणून महागाई दुसऱ्या दिवशी पळाली असंही नाही. १९७६ मध्येही ती १७० टक्क्यांच्या वर होती. मोर्चे नाहीत, संप नाहीत, संसद नाही, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप, आणि तरीही.

आता “चमत्कार”. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने इथे दोन वर्षं खिशात घातली आहेत, १९७५ आणि १९८२. मार्च १९७५ मध्ये शिकागोच्या अर्थतज्ज्ञांचे गुरू मिल्टन फ्रीडमन राजधानी सांतियागोत येऊन गेले, सरकारी खर्चाला एकदम कात्री लागली आणि त्या वर्षी देशाचं उत्पन्न १३ टक्क्यांच्या आसपास घसरलं. त्यातून सावरून तेजी आली खरी, पण ती कशावर उभी होती ते बघा. सरकारकडच्या बँका विकल्या, त्याही बऱ्याच अंशी उधारीवर. ज्यांनी बँक घेतली त्यांनी त्याच बँकेतून स्वतःच्या कंपन्यांना कर्जं दिली. संचालकाने स्वतःच्या मेहुण्याला कर्ज मंजूर करायचं, ही कला आपल्याकडच्या सहकारी बँकांत पाहिलेल्याला वेगळी समजावून सांगायला नको. त्यात १९७९ मध्ये डॉलरचा भाव ३९ पेसोंना (पेसो हे चिलीचं चलन) बांधून टाकला. बाहेरून स्वस्तात डॉलर उचला, आत चढ्या व्याजाने फिरवा, देखरेख कुणाचीच नाही. जून १९८२ मध्ये बांधलेला भाव सुटला, पेसो घसरला आणि डॉलरमध्ये घेतलेलं प्रत्येक कर्ज पेसोत फुगलं. त्या वर्षी उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी खाली गेलं. सरकारी रोजगार हमीवरची माणसं धरली तर तिघांतल्या एकाला धड काम नव्हतं.

मग जानेवारी १९८३ मध्ये काय झालं? “सरकार बाजूला झालं” म्हणतात त्याच सरकारने देशातल्या सर्वांत मोठ्या खासगी बँका ताब्यात घेतल्या. खासगी मंडळींनी परदेशात करून ठेवलेल्या कर्जाची हमीही सरकारच्याच गळ्यात पडली. ‘समाजवादाकडे जाणारा शिकागो मार्ग’ असा विनोद तेव्हा चिलीत चालायचा. नफा खासगी, खड्डा सार्वजनिक. यात शिकागोचं काय शिकायचं, ते तात्यांनी सांगावं.

“सगळं खासगी केलं” हे तर सरळ खोटं. चिलीची तिजोरी तांब्यावर चालते. मोठ्या खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७१ मध्ये आयेंदेंच्या काळात झालं, आणि संसदेत ते एकमताने झालं, उजव्यांच्या मतांसकट. पिनोशेंनी त्या खाणी विकल्या नाहीत. १९७६ मध्ये त्यांची कोडेल्को ही सरकारी कंपनी बनवली, ती आजही सरकारी आहे. न विकण्याचं एक कारण अगदी घरचं होतं: तांब्याच्या विक्रीतला ठरावीक हिस्सा कायद्याने थेट लष्कराला जायचा. दुभती म्हैस कोण विकतो?

आता आमचा विषय, द्राक्षं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रॉटरडॅमच्या बाजारात नाशिकच्या पेट्यांशेजारी चिली आणि दक्षिण आफ्रिकेच्या पेट्या लागलेल्या असतात, त्यामुळे चिलीचं नाव इथल्या पॅकहाउसमध्ये रोज निघतं. तिथल्या फळांचा पाया मात्र जनरलसाहेबांच्या आधीचा आहे. १९६० च्या दशकात चिली विद्यापीठाने कॅलिफोर्निया विद्यापीठाशी करार करून माणसं शिकायला पाठवली. कोर्फो या सरकारी विकास महामंडळाने फळबागांची योजना आखली, वाण आणले, शीतगृहांसाठी पैसा उभा केला. १९६७ च्या कायद्याने मोठ्या जमीनदाऱ्या फोडल्या. लष्कराने त्यातली साधारण तीस टक्के जमीन जुन्या मालकांना परत केली, बाकीचे बरेच तुकडे कुळांच्या नावे केले. त्यांना भांडवल मिळेना, म्हणून अनेकांनी ते विकले आणि निर्यातदारांच्या हाती जमीन आली. आयात कर खाली आणणं, पेसो स्वस्त होऊ देणं यांचा निर्यातीला फायदा झाला, हे मी मान्य करतो. पण बाग एका हुकमाने धरत नाही. खरड छाटणी, गोडी छाटणी करणाऱ्याला हे कळायला हवं.

बाकी निर्यातीचंही तसंच. जंगल लावायचं तर १९७४ च्या वटहुकमाने लागवडीचा ७५ टक्के खर्च सरकारने उचलला. सॅमन मासा चिलीचा मूळचा नव्हेच. तो तिथे व्यापारी पद्धतीने वाढवून दाखवला तो सरकारचा निम्मा वाटा असलेल्या फुंदासियोन चिले या संस्थेने. आणि आपलं? २०१० मध्ये द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हा ‘सरकार बाजूला व्हा’ असं कुणी ओरडलं का? अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या सरकारी द्राक्ष संशोधन केंद्राच्या दारात आपणच उभे होतो.

पुढचं फॉरवर्ड सोयीने विसरतं. लष्करी राजवटीची सगळी वर्षं धरली तर वाढीची सरासरी वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास बसते. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के लोकांनी जनरलना ‘नको’ म्हटलं आणि मार्च १९९० मध्ये पात्रिसियो आयल्विन निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष म्हणून बसले. त्यांनी व्यापार खुला ठेवला, पण कर वाढवले, ते विरोधकांशी बोलून; तो पैसा शाळा-दवाखान्यांवर घातला, आणि बाहेरून येणाऱ्या उडत्या भांडवलाला १९९१ मध्ये लगाम घातला. १९९० ते ९७ वाढ सरासरी ७ टक्क्यांच्या घरात राहिली. १९८७ मध्ये दर १०० पैकी ४५ लोक गरीब होते, २००० मध्ये साधारण २०. लोक ज्याला चमत्कार म्हणतात, त्याचा मोठा भाग लोकशाहीच्या वहीत आहे.

पेन्शनचा मुद्दा मजकुरात एका ओळीत आहे (“प्रत्येकाचं स्वतःचं खातं”), म्हणून मीही थोडक्यातच. १९८१ पासून कामगाराच्या पगारातले १० टक्के खासगी फंडांकडे जाऊ लागले, मालकाचा वाटा शून्य. लष्कर आणि पोलिसांनी मात्र स्वतःसाठी जुनीच पेन्शन ठेवली. योजना इतकी गुणी होती तर आणणाऱ्यांनीच ती का घेतली नाही? १४ मार्च २०२३ पासून ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आपल्या राज्यात जो संप झाला, त्यात आमच्या घरातलेच दोघे होते. त्यांना हा प्रश्न पटकन कळेल. चिलीत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं आणि शहरं पेटली, तेव्हा रस्त्यावरच्या मागण्यांत पेन्शन वरच्या रांगेत होती.

राहिलं “पंधरा वर्षं असा एक माणूस”. त्या माणसाच्या सतरा वर्षांत ३,००० हून अधिक लोक मारले गेले किंवा गायब झाले, हजारोंचा छळ झाला. त्यांतल्या कितीतरी घरांत अजून मृतदेह परत आलेला नाही. आणि आपल्या अर्थव्यवस्थेची दारं उघडायला अशा माणसाची गरज लागली नव्हती. १९९१ मध्ये परकीय चलन तळाला गेलं, रिझर्व्ह बँकेचं सोनं मुंबईहून विमानाने बाहेर गहाण गेलं. तेव्हाचे पंतप्रधान नरसिंह राव, त्याआधी आपल्या रामटेकचे खासदार. त्यांच्याकडे बहुमतसुद्धा नव्हतं. मनमोहन सिंगांनी २४ जुलैला मांडलेल्या अर्थसंकल्पावर संसदेत शिव्याशाप झाले, बाहेर मोर्चे निघाले, खतांची दरवाढ थोडी मागेही घ्यावी लागली. १९९६ मध्ये लोकांनी ते सरकार घरी पाठवलं. नंतर आलेल्यांनी धोरण तेच पुढे नेलं.

तात्या, मजकूर ग्रुपवरून काढू नका. त्याच्याखाली हे फक्त चिकटवा.