झाड मरतं ते हाताला गुण नाही म्हणून नव्हे

‘बाल्कनीत लावा ही पाच सोपी झाडं’ हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आला आहे. त्याचं म्हणणं असं: स्नेक प्लांट आणि तुळस रात्रभर ऑक्सिजन देतात, चार कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते हे नासानेच सिद्ध केलंय, कुंडीच्या तळाशी दोन इंच खडी घाला, रोज सकाळी पाणी द्या, उरलेला चहा झाडाला ओता. हे सगळं मनापासून करून झाड गमावलेली आणि मग ‘माझ्या हाताला गुणच नाही’ म्हणत कुंड्या माळ्यावर टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याचं मला फार वाईट वाटतं.

ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून सुटतो आणि त्याला उजेड लागतो. स्नेक प्लांट रात्री पर्णरंध्रं उघडतं खरं, पण कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवायला. दिवसा रंध्रं मिटून पाणी वाचवायची ही कोरड्या प्रदेशातली रीत. तुळशीत तर तीही नाही. तुळस लावायला इतर कारणं भरपूर आहेत.

नासाचा अभ्यास 1989 सालचा आणि तो हवाबंद पेट्यांमधला. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा खिडक्या-फटींतून हवा जेवढी बदलते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असं निघालं.

खडीचा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो पटतो. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत ते खडीवरच अडून राहतं, म्हणजे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. शिवाय आठ इंची कुंडीतली पाव जागा गेली. भोकावर जाळीचा तुकडा पुरतो, तोही माती वाहून जाऊ नये म्हणून. निचरा मातीतच हवा. नुसती काळी माती भरली तर ओली असताना चिकटते, वाळली की आक्रसून कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाडसर वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा.

रोज पाणी? मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हातल्या मातीच्या कुंडीत सदाफुली असेल तर हो. त्याच बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या कुंडीतलं स्नेक प्लांट मात्र पावसाळ्यात रोजच्या पाण्याने मुळापासून कुजेल. बोट दोन पेरं मातीत घालून पाहा, ओल लागली तर थांबा.

दूध-साखरेच्या चहाने मुंग्या आणि बुरशी येते. चोथा धुऊन कंपोस्टमध्ये टाका.

झाड निवडायचं ते आपल्याकडचं ऊन मोजून. पाच-सहा तास ऊन असेल तर सदाफुली, जास्वंद, गवती चहा. नुसता उजेड असेल तर मनी प्लांट, स्नेक प्लांट. आणि कुंडीखालच्या बशीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून द्या, डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो.