‘चिलखतात पडलेला सरदार उठू शकत नसे’: एका लोकप्रिय समजाचा प्रतिवाद

फँटसी गेम खेळणाऱ्यांमध्ये आणि इतिहासाची आवड असणाऱ्यांमध्ये एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘गेममधले वीर लोखंडी चिलखत घालून धावतात, शिड्या चढतात, ही शुद्ध थाप आहे. खरा युरोपीय सरदार चिलखतात इतका जड व्हायचा की त्याला क्रेनने घोड्यावर बसवावं लागे. पडला की उताणाच. म्हणून तर अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत फ्रेंच इंग्रजांकडून हरले. पुढे बंदूक आली आणि चिलखत संपलं. आजचा सैनिक हलकं बुलेटप्रूफ जाकीट घालून मोकळा फिरतो.’

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यामुळे चिलखत घडवणाऱ्या लोहारांच्या कसबावर अन्याय होतो.

आधी वजन पाहू. पंधराव्या शतकातलं रणांगणावर घालायचं पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोंचं असे. ४०-५० किलोंची चिलखतंही होती, पण त्यातली बरीचशी भाल्याच्या खेळी झुंजींसाठी बनवलेली. तिथे स्वार काही मिनिटं सरळ रेषेत घोडा दौडवायचा. चपळाईपेक्षा हाडं शाबूत राहणं महत्त्वाचं. असे जाड नमुने संग्रहालयांत दिसतात आणि पाहणारा त्यांनाच युद्धाचं चिलखत समजून बसतो.

शिवाय हे वजन एका जागी लटकत नसे. आत जाड शिवणीची कापसाची बंडी, तिला पट्टे बांधून प्रत्येक भाग त्या त्या अवयवावर बसवलेला. छातीचा पत्रा कमरेशी निमुळता, म्हणजे भार नितंबांच्या हाडावर यायचा. सह्याद्रीत जड सॅक घेऊन चढलेल्या कुणालाही विचारा, कमरेचा पट्टा आवळला की खांदे कसे सुटतात ते.

क्रेनचा तर मध्ययुगातला पुरावाच नाही. १९४४ च्या एका गाजलेल्या ब्रिटिश चित्रपटात तसं दृश्य होतं आणि ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. उलट फ्रेंच सेनानी बूसिको याच्या चरित्रात नोंद आहे की तो पूर्ण चिलखतात असताना रिकिबीत पाय न घालता घोड्यावर उडी घ्यायचा, आणि फक्त शिरस्त्राण काढून, बाकी चिलखतासह कोलांटउडी मारायचा. चरित्रकाराने थोडं कौतुक वाढवून लिहिलं असेल असं धरलं, तरी ज्या काळात माणूस चिलखतात उठूच शकत नाही, त्या काळात अशी बढाई कुणी मारणार नाही.

हाच बूसिको २५ ऑक्टोबर १४१५ ला अ‍ॅजिनकोर्टला इंग्रजांच्या हाती सापडला. तिथे फ्रेंच का हरले? नांगरलेलं शेत, पावसाने झालेला चिखल, दोन्ही बाजूंना जंगल असल्यामुळे अरुंद होत गेलेली जागा, बाणांचा मारा आणि मागून रेटणारी स्वतःचीच गर्दी. अशा चेंगराचेंगरीत पडलेला माणूस उघड्या अंगानेही उठला नसता.

मात्र चिलखतात दमछाक व्हायची, हे खरं आहे. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये चिलखताच्या प्रतिकृती घालून सरावलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं. ऊर्जा दुपटीच्या आसपास, चालताना तर त्याहूनही जास्त लागली. तेवढंच ओझं पाठीवर असताना इतकी लागत नाही. कारण पायांवरचा कित्येक किलोंचा पत्रा प्रत्येक पावलाला उचलावा लागतो, आणि छाती आवळल्यामुळे श्वास उथळ होतो. म्हणजे गेममधल्या वीराने चिलखतात शिडी चढणं पटण्यासारखं आहे. दिवसभर डोंगर तुडवून लगेच ताज्या दमाने लढणं नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर सर्वांना पाठ आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाला भेटले ते कपड्यांखाली कड्यांचं चिलखत घालून. मिठीइतक्या अंतरावरची ती झटापट. अंग वळू न देणारं काही त्या दिवशी त्यांनी घातलंच नसतं.

‘बंदूक आली आणि चिलखत संपलं’ हे तर घाईचं विधान. बंदूक आणि चिलखत युरोपात दोनशेहून अधिक वर्षं बरोबरीने नांदले. कारागीर छातीच्या पत्र्यावर गोळी झाडून दाखवत आणि उमटलेला खोलगट डाग खात्रीची खूण म्हणून तसाच ठेवत. गोळी थोपवायला पत्रा जाड करावा लागला, वजन वाढलं, मग हातापायांवरचे भाग एकेक करून गळाले. उरले छाती, पाठ आणि डोकं. १९१४ साली फ्रेंच क्विरासिए घोडदळ छातीवर पोलाद घालूनच निघालं होतं. १९१५ पासून तोफगोळ्यांच्या तुकड्यांपासून डोकं वाचवायला पोलादी शिरस्त्राणं आली. अमेरिकी सैन्यासाठी नवी शिरस्त्राणं आखण्याचं काम बॅशफोर्ड डीन यांच्याकडे होतं. हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जुन्या शस्त्रांचा आणि चिलखतांचा विभाग सांभाळायचे. संपलेल्या विद्येच्या जाणकाराला असं काम कुणी देत नाही.

आजच्या जाकिटातही छाती-पाठीला प्लेटा आणि गरजेप्रमाणे दोन्ही कुशींना छोट्या प्लेटा असतात. मुघल काळातल्या ‘चार आईना’ चिलखतात चार पत्रे नेमके याच चार जागी बसायचे.

आता ‘हलकं आणि मोकळं’. केवलारसारख्या धाग्यांचं मऊ जाकीट पिस्तुलाची गोळी अडवतं. रायफलसाठी सिरॅमिकची कडक प्लेट लागते. ती गोळीचा गाभा फोडते आणि मागचा पॉलिमरचा थर तुकडे धरतो. डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने २०२४ मध्ये जाहीर केलेलं ‘अभेद’ जाकीट बोरॉन कार्बाइड हे हलकं सिरॅमिक वापरूनही ८.२ किलोंपासून सुरू होतं. गोळी अडली तरी धक्का आत जातोच. अमेरिकी मानकात चाचणीवेळी जाकिटामागे ठेवलेल्या मातीच्या थरात ४४ मिलिमीटरपर्यंतचा खड्डा चालतो! त्यात दारूगोळा, पाणी, रेडिओ धरा. २००३ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी पायदळाची मोजणी झाली तेव्हा नुसतं लढाईचं ओझं सरासरी २८ किलोंच्या वर भरलं, कूच करतानाचं ४५ किलोंच्या पुढे. पोलादात मढलेल्या सरदारापेक्षा हा सैनिक जड आहे, आणि त्याच्या भाराचा मोठा वाटा खांद्यांवर आहे.

फँटसीवर टीका करायचीच असेल तर जागा भरपूर आहेत. स्त्री योद्ध्याच्या छातीला दोन उंचवटे काढले की घाव घसरून थेट मधल्या हाडावर येतो; खऱ्या पत्र्याला मधोमध कड असते, म्हणजे घाव बाहेर निसटेल. उघडं पोट, हात वर होऊ न देणारे अवाढव्य खांदे, आतल्या बंडीचा पत्ता नाही. आणि खिळे ठोकलेलं ते चामडी जाकीट! बहुधा जुन्या चित्रांतल्या ब्रिगँडिनवरून ते आलं असावं. ब्रिगँडिनमध्ये कापडाच्या किंवा चामड्याच्या आतून एकावर एक चढणाऱ्या पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात आणि बाहेर दिसतात ती फक्त रिव्हेटची डोकी. चित्रकारांनी डोकी ठेवली आणि पट्ट्या काढून टाकल्या.