तीन लाखांचा गेमिंग लॅपटॉप घेताय? मग चार हिताच्या गोष्टी ऐका

गेमिंग लॅपटॉपवर तीन लाख रुपये खर्च करण्याचा आपला निर्णय पक्का झाला असेल, तर सर्वप्रथम मनःपूर्वक अभिनंदन. एवढ्या रकमेत आपल्याला यंत्र तर मिळतेच, शिवाय एका बहुराष्ट्रीय कंपनीशी पुढील दोन-तीन वर्षे निकटचा पत्रव्यवहार करण्याचा योगही लाभतो, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. माझा हा पत्रव्यवहार गेल्या आठवड्यात एका निर्णायक टप्प्याला आला. बिजागरीपाशी तडकलेला माझा लॅपटॉप, वॉरंटीची मुदत शिल्लक असताना, कंपनीच्या पुण्यातील अधिकृत सेवा केंद्राने ‘ग्राहकाने केलेले नुकसान’ असा शेरा मारून परत दिला, आणि दुरुस्तीचा जो खर्च सांगितला त्यात घरातल्या शाळकरी मुलासाठी एक साधा नवा लॅपटॉप सहज आला असता. या व्यवहारातून पदरात पडलेले शहाणपण स्वतःपुरते ठेवणे बरे नव्हे, म्हणून हा लेखनप्रपंच.

खरेदीला जाताना ग्राफिक्स कार्डाचे नाव तेवढे पाठ करून जावे. वॅटचा आकडा विचारण्याचा आगाऊपणा करू नये. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड डेस्कटॉपमध्ये बसते तेव्हा त्याला २४ जीबी मेमरी असते आणि ते ४५० वॅटपर्यंत वीज घेते. त्याच नावाने लॅपटॉपमध्ये जे बसते त्याची चिप वेगळी आणि लहान, मेमरी १६ जीबी, आणि वीज फार तर १७५ वॅट. खालच्या पायरीवरच्या आरटीएक्स ४०६० ला तर ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला असते, आणि दोन्ही टोकांना कीबोर्डशेजारचा स्टिकर मात्र एकच असतो. दुकानातील तरुणाला ‘याचा टीजीपी किती?’ असे (म्हणजे कार्डाला जास्तीत जास्त किती वीज मिळते, पर्यायाने त्यात दम किती, असे) विचारलेच, तर तो अत्यंत अदबीने खोक्यावरचा मजकूर वाचून दाखवतो. त्या मजकुरात कीबोर्डाच्या दिव्यांचे रंग किती आहेत हेदेखील असते, वॅट नसतात.

खोका कधीही फेकू नये. वन-बीएचकेत राहत असाल तर पाहुण्यांना गॅलरीत झोपवावे, पण खोका आत ठेवावा.

लॅपटॉप ‘पोर्टेबल’ आहे यावर श्रद्धा असावी. बरोबरचा ३३० वॅटचा अडॅप्टर वरवंट्यासारखा वजनदार असतो आणि तो घरी विसरला तर खेळ तासाभराच्या आत आटोपतो, कारण विमानात नेता यावी म्हणून बॅटरी १०० वॅट-तासांच्या आत ठेवावी लागते. हे मात्र कंपनीचे पाप नव्हे, हा विमान वाहतुकीचा नियम आहे. जिथे कंपनीचा दोष नाही तिथे तो देऊ नये, पुढे भरपूर संधी आहे.

तापमानाची चिंता करू नये. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, खोलीत पंखा गरम हवा फिरवत असतो, आणि अर्ध्या तासाच्या खेळानंतर प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास जाऊन स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, खेळ अडखळू लागतो, आणि एखाद्या दिवशी पडदा काळा होऊन सगळे बंद पडते. अशा वेळी लॅपटॉप सेवा केंद्रात न्यावा. तिथे उत्तम वातानुकूलन असते. काउंटरवरचा अभियंता यंत्र चालू करतो, डेस्कटॉप दिसला की समाधानाने मान डोलावतो, ब्राउझरमध्ये एक व्हिडिओ लावतो आणि विचारतो, “चालतोय ना, सर?” चालतच असतो. जॉबशीटवर ‘नो फॉल्ट फाउंड’ असे लिहिले जाते. चिप आणि तांब्याच्या पट्टीमधली पेस्ट वारंवार तापून-निवून कडेला सरकते, किंवा महागड्या मॉडेलांत पेस्टऐवजी लावलेला गॅलियमयुक्त द्रवरूप धातू एका कोपऱ्यातून हटतो आणि चिपचा तेवढा भाग कोरडा राहतो, हे त्या अभियंत्याला ठाऊक नसते असे नाही. मात्र ते शोधायचे तर प्रोसेसर आणि ग्राफिक्स या दोघांवर एकाच वेळी अर्धा-पाऊण तास भार द्यावा लागतो, आणि तोवर टोकन घेतलेली पुढची पाच माणसे खोळंबतात. “गेमिंग लॅपटॉप गरम होतोच, सर,” हे वाक्य चार सेकंदांत संपते.

त्यातूनही आपण हटला नाहीत, तर आपल्या घराचे अर्थिंग तपासले जाईल. तपासले जाईल म्हणजे ‘तुमचं अर्थिंग बरोबर नसणार’ असे घरी न येताच सांगितले जाईल. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते खरेही असू शकते. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट तपासून घ्यावे. ते ठीक निघाले तर महावितरणच्या व्होल्टेजवर गाडी येते, व्होल्टेज ठीक निघाले तर गुरुवारच्या वीजबंदवर, आणि आपल्याकडे इन्व्हर्टर असेल तर मग त्या इन्व्हर्टरवरच.

एक्स्टेंडेड वॉरंटी अवश्य घ्यावी, आणि तिच्यात काय बसत नाही ते नंतर सवडीने वाचावे.

आता बिजागरीकडे वळतो. हा विषय जरा विस्ताराने घ्यावा लागेल, कारण तिच्यासंबंधीचा माझा उपदेश अगदी साधा आहे: लॅपटॉप उघडू नये. ज्या कंपनीने तीन लाखांच्या वस्तूचे झाकण दिवसातून दोनदा उघडणे हा ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरवला आहे, तिच्या ग्राहकाने ते उघडावेच कशाला? बाहेरून ‘मेटल फिनिश’ असलेल्या त्या झाकणाच्या आत बिजागरीचे स्क्रू ज्यात बसतात ते पितळी नट असतात, प्रत्येकी जेमतेम डाळीच्या दाण्याएवढे, आणि ते धातूत नव्हे तर गरम करून प्लास्टिकच्या छोट्या खांबांत दाबून बसवलेले असतात. बिजागरी मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, कारण मोठा पडदा डगमगू नये. झाकण उघडताना पडणारा सगळा जोर त्या प्लास्टिकच्या खांबांवर जातो. काही महिन्यांनी एक खांब फाटतो, मग उरलेल्यांवर जास्त ताण येतो, मग तेही फाटतात, आणि एका सकाळी झाकण उघडताना ‘कट’ असा आवाज येऊन पडद्याची कड उचकटते. यात ग्राहकाने काय केले? त्याने झाकण उघडले. हातोडा घेतला नाही, वरून बसला नाही, जिन्यावरून टाकला नाही.

माझी तक्रार नोंदवताना मी या तुटलेल्या खांबाचे छायाचित्र पाठवले होते. त्यात मोकळा पडलेला नट आणि त्याच्याभोवतीचा फाटलेला प्लास्टिकचा कडा अगदी स्पष्ट दिसत होता. कंपनीच्या चॅटवरील साहाय्यकाने सुचवले की मी एकदा रिस्टार्ट करून पाहावे. त्यानंतर बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली, अद्ययावत करून पाहावे. बिजागरीला बायोस नसतो, हे मी शक्य तितक्या सभ्य शब्दांत कळवले, तेव्हा त्याने माझी अडचण त्याला ‘पूर्णपणे समजते’ असे सांगून विंडोज नव्याने बसवण्याच्या पायऱ्या पाठवल्या. मी त्या न केल्यामुळे, ‘ग्राहकाकडून प्रतिसाद न आल्याने’ तक्रार आपोआप बंद झाली. मग नवी तक्रार, नवा क्रमांक, नवा साहाय्यक, आणि पुन्हा तेच छायाचित्र. अखेर कॅम्पातल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरील केंद्रात यंत्र जमा झाले, आणि दोन दिवसांनी फोन आला: “सर, हिंज फिजिकल डॅमेजमध्ये येतो, वॉरंटीत नाही बसत.” कोणी ठरवले? “वरून अप्रूव्हल आलं नाही, सर.” वर म्हणजे कोण? “तो नंबर आमच्याकडे नसतो, सर.” फोटो कोणी पाहिला? “सिस्टीममध्ये टाकलाय.” खाली पडल्याची एक तरी खूण बाहेर दाखवता का? कोपरा दबलेला, ओरखडा, काहीही? यावर तो बिचारा गप्प बसला, कारण यंत्राच्या चारही कोपऱ्यांवर कारखान्यातला रंग शाबूत होता आणि ते त्यालाही दिसत होते. संपूर्ण झाकण, खालचा पाटा आणि पडदा असा ‘असेंब्ली’चा खर्च सांगितला गेला, नुसती बिजागरी किंवा नुसते मागचे कव्हर सुटे मिळत नाही म्हणे. पुढे लेखी मागितले, तर तोंडी सांगितले. पुन्हा मागितले, तर जॉबशीटवर इंग्रजीत दोन शब्द लिहून खाली सहीची जागा दाखवली. लाज वाटत नाही का, असे विचारण्याची तीव्र इच्छा झाली होती. पण लाज ज्यांना वाटायला हवी ते त्या इमारतीत बसत नाहीत.

असो. उपदेशाकडे वळू.

पार्ट ‘बंगळुरूहून यायचा आहे’ असे सांगितले, तर तारीख विचारून समोरच्याला अवघडवू नये.

बदलून मिळणारा मदरबोर्ड नवाच असेल असा आग्रह धरू नये. दुरुस्त केलेला जुना भाग बसवण्याची सवलत बहुतेक कंपन्यांनी अटींच्या बारीक अक्षरांत स्वतःला आधीच देऊन ठेवलेली असते.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिराला तर मुळीच भेटू नये, कारण कंपनीने लाखाच्या घरात सांगितलेल्या मदरबोर्डावरचा एखादा जळालेला मॉसफेट, म्हणजे वीज नियंत्रित करणारा चिमुकला सुटा भाग, तो शोधून बदलतो आणि आपला कंपनीवरचा विश्वास उडतो. शिवाय त्याने स्क्रू काढला की वॉरंटी संपली असे आपल्याला सांगितले जाईल. जी वॉरंटी लागूच होत नाही, ती संपण्याची भीती किती परिणामकारक असते, हा मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखा विषय आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ च्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू केले, त्यात इलेक्ट्रॉनिक्सचाही समावेश आहे. कंपन्यांनी तिथे माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा करायला पैसे पडत नाहीत.

बिल करताना दुकानदार ‘जीएसटी नंबर टाकू का, सर?’ असे विचारतो, तेव्हा १८ टक्के कराची वजावट मिळण्याच्या मोहाने लगेच हो म्हणावे. पुढे प्रकरण ग्राहक आयोगात गेलेच, तर कंपनीच्या वकिलाला ‘ही खरेदी व्यावसायिक हेतूने झाली, सबब तक्रारदार ग्राहकच नव्हे’ असे म्हणण्याची सोय आपण स्वतःच्या हाताने करून ठेवलेली असते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त मोडत नाही असे कायदाच सांगतो, पण ते सिद्ध करत बसण्यात आणखी काही तारखा छान निघून जातात.

यंत्र दुरुस्त न होता परत मिळाल्यावर समाधानाचे सर्वेक्षण येते. “सर, प्लीज दहा द्या, नऊ दिले तरी आमचे कापले जातात,” असे काउंटरवरचा मुलगा हलक्या आवाजात सांगतो. द्यावेत.

खरे तर मी दिलेही, त्या मुलाचा पगार माझ्या बिजागरीवर अवलंबून नसावा म्हणून. आणि इथून पुढे मला गंमत करवत नाही. ज्या कंपनीचे अधिकारी जाहिरातीत तरुणांना ‘तुमच्या ताकदीला मर्यादा नाही’ असे सांगतात, त्यांनी प्लास्टिकच्या खांबात नट बसवून त्यावर अडीच किलोच्या यंत्राचे झाकण तोलले, तो खांब तुटणार हे त्यांना चाचणीत दिसले नसेल तर ते अडाणी आहेत आणि दिसले असेल तर लबाड. सेवा केंद्र दुसऱ्या कंत्राटदाराला द्यायचे, निर्णय तिसऱ्या शहरात घ्यायचा, तो घेणाऱ्याचे नाव कुठेच येऊ द्यायचे नाही, आणि ग्राहकासमोर एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा उभा करायचा, ज्याच्यावर ओरडून कोणालाही बरे वाटणार नाही. ही कामचुकारी नव्हे, ही आखलेली व्यवस्था आहे. माणूस कंटाळेल आणि पैसे भरेल, यावर ती चालते.

आणि माणसे भरतात. आपल्यापैकी बहुतेकजण भरतात. पेठेतल्या दुकानात पाच रुपये जास्त लावले म्हणून तासभर वाद घालणारे लोक इथे मुकाट्याने कार्ड पुढे करतात, कारण ऑफिसातून सुट्टी मिळत नाही आणि इंग्रजी शेऱ्यापुढे बोलायचे कसे हे सुचत नाही. कृपा करून हे थांबवा. लॅपटॉप जमा करताना चारही बाजूंचा व्हिडिओ काउंटरवरच काढा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे आधी नोंद करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कंपनीचे कार्यालय कुठेही असो, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मी नोटीस पाठवली आहे. तुमच्याही जॉबशीटवर असले दोन शब्द लिहिले गेले, तर त्यांच्याखाली निमूटपणे सही करू नका. ‘हा शेरा मला मान्य नाही, पडल्याची खूण दाखवलेली नाही’ असे त्याच कागदावर मराठीत लिहा, तारीख घाला, आणि शिक्का मारलेली प्रत हातात पडेपर्यंत टोकनची रांग कितीही वाढली तरी काउंटरवरून हलू नका.