कैरोची बातमी दोह्यातून

जानेवारी २०११. मी तेव्हा कतारच्या राजधानीत, दोह्यात, एका बांधकाम कंपनीत नोकरीला होतो. मेसमधला टीव्ही एरवी क्रिकेटसाठी लागायचा, पण त्या आठवड्यात इजिप्तमध्ये राष्ट्राध्यक्ष मुबारकविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते आणि मेसमधल्या इजिप्तच्या मंडळींनी रिमोट सोडलाच नाही. त्यांच्यातला एक सर्व्हेयर कैरोचा. ३० तारखेला मुबारक सरकारनं अल जझीरा या कतारच्या वृत्तवाहिनीचं कैरोतलं ऑफिस बंद केलं आणि नाइलसॅट या इजिप्तच्या उपग्रहावरून चॅनेल उतरवलं. थोड्या वेळानं स्क्रीनखाली पट्टी फिरू लागली: दुसऱ्या उपग्रहावर अमुक फ्रिक्वेन्सी लावा. यानं ती किराणाच्या बिलामागे उतरवून घेतली आणि घरी लँडलाइनवर एकेक आकडा ओरडून सांगू लागला. तिकडे भाऊ गच्चीवर डिश फिरवतोय, आई टीव्हीपुढे बसून "आलं... गेलं" करतेय. सरकारी चॅनेलवर नाईलवरचा शांत पूल दिसत होता. शेवटी चित्र लागलं आणि त्या माउलीला स्वतःच्याच शहरातला, आंदोलकांनी भरलेला तहरीर चौक दिसला.

म्हणून त्या वर्षीच्या अरब उठावांना लोक 'फेसबुक क्रांती' म्हणतात, तो शब्द मला कधीच पटला नाही. फेसबुक पोरांकडे होतं, त्या आईकडे डिश होती. ट्युनिशियातही तेच. सिदी बूझिदमध्ये मोहम्मद बुअझीझीनं १७ डिसेंबर २०१० ला स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा अल जझीराला त्या देशात ऑफिस उघडायचीसुद्धा परवानगी नव्हती. पोरांनी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ चॅनेलनं उचलले आणि दिवसरात्र दाखवले. एका आडगावातली गोष्ट सगळ्या देशानं पाहिली. १४ जानेवारीला तिथला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला.

पण खरं काम त्याआधी पंधरा वर्षं चाललं होतं. १९९६ च्या नोव्हेंबरात हे चॅनेल सुरू झालं. तोवर अरब देशांत बातम्या म्हणजे राज्यकर्त्यानं आज कोणाला भेट दिली आणि कोणाला शुभेच्छांची तार केली. इथे मात्र फैसल अल-कासिमच्या कार्यक्रमात दोन माणसं समोरासमोर बसून भांडायची. २००६ मध्ये मोन्सेफ मरझुकी या ट्युनिशियन विरोधकानं याच चॅनेलवर लोकांना शांततेनं प्रतिकार करायला सांगितलं. बेन अली सरकार इतकं चिडलं की दोह्यातला दूतावासच बंद केला! पाच वर्षांनी तोच मरझुकी राष्ट्राध्यक्ष झाला. सत्ताधाऱ्याला कोणीतरी उलट बोलतंय, हे जेवताना घरातल्या टीव्हीवर ऐकायची सवय लागणं मला फार मोलाचं वाटतं.

आणि म्हणूनच बहरीनचा राग अजून जात नाही. २०११ च्या मार्चमध्ये तिथल्या राजघराण्याविरुद्ध आंदोलन चालू असताना सौदीचं सैन्य पुलावरून बहरीनमध्ये शिरलं आणि बहरीन सरकारनं आंदोलकांच्या पर्ल चौकातला मोत्याचा स्तंभसुद्धा पाडला. तहरीरवरून कॅमेरा न हलवणाऱ्या अरबी वाहिनीला तेव्हा बहरीनसाठी वेळ मिळेना. चॅनेल कतारच्या अमिराच्या पैशावर चालतं आणि शेजारचं राजघराणं हादरलेलं त्याला नको होतं. खुद्द कतारमध्ये २०१२ साली एका कवीला कवितेपायी जन्मठेप झाली. पुढे ती कमी झाली, मग माफी मिळाली, पण कवितेपायी माणूस काही वर्षं आत होता.

पडद्यानं लोक चौकात येतात. त्यानंतरचं काम पडद्याचं नाही. ट्युनिशियात ते कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, वकील आणि मानवी हक्कवाल्यांनी केलं. भांडणाऱ्या पक्षांना एका टेबलाशी बसवलं, राज्यघटना पार पडली, त्या चौघांना २०१५ चं शांततेचं नोबेल मिळालं. इजिप्तमध्ये इतकं वजन असलेलं मधलं कोणी नव्हतं. एकीकडे लष्कर, दुसरीकडे निवडून सत्तेत आलेली मुस्लिम ब्रदरहूड ही इस्लामी संघटना आणि चॅनेलंही त्याच दोन रांगांत उभी. ३ जुलै २०१३ च्या रात्री लष्करानं सत्ता घेतली आणि त्याच रात्री विरोधातली चॅनेलं बंद पाडली.

ट्युनिशियाचंही पुढे काय झालं पाहा. २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईदनं संसद गोठवली आणि दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी ट्युनिसमधलं अल जझीराचं ऑफिस रिकामं केलं. निवडून आलेला माणूस होता हा.

ही बातमी वाचून मी त्या सर्व्हेयरला फोन लावला. तो आता कैरोत परतलाय. मी ट्युनिसचं नाव काढलं तशी त्यानं माझ्या मुलांची चौकशी सुरू केली. मग हवापाण्याचं बोललो आणि फोन ठेवला.